फ्लॅशचा तुरुंग, धर्मराजाचा रथ

‘द फ्लॅश’ ही मालिका २०१४ साली सुरू झाली. तिचा नायक बॅरी ॲलन पोलिसांच्या प्रयोगशाळेत कामाला असतो. त्याच्या अंगावर वीज पडते आणि तो डोळ्यांना दिसू नये इतक्या वेगानं पळायला लागतो. त्याच रात्रीच्या स्फोटात शहरातल्या आणखी काही जणांनाही भलभलत्या शक्ती मिळतात. त्यातले जे वाईट वागतात त्यांना बॅरी पकडतो. इथवर ठीक. पण पकडून तो त्यांना पोलिसांच्या हवाली करत नाही. एका खासगी प्रयोगशाळेच्या पोटात बंद पडलेल्या यंत्राचा बोगदा आहे, तिथल्या खोल्यांत कोंडतो. एफआयआर नाही, वकील नाही, तारीख नाही.

सांगलीच्या घरी आम्ही हे बघत होतो तेव्हा आत्या शेजारी गवारी निवडत बसली होती. पळण्याबिळण्याचं तिला काही कौतुक नव्हतं. ती म्हणाली, “अरे, त्या आत घातलेल्यांना जेवायला कोण घालतंय?”

भाची लॉ करते. ती लगेच म्हणाली, “जेवणाचं राहू दे आजी, न्याय संहितेचं कलम १२७ लागतंय याला. बेकायदा डांबून ठेवणं. आपल्याकडं पोलिसांनी धरलं तरी चोवीस तासांत मॅजिस्ट्रेटपुढं उभं करावं लागतंय. हा कोण लागून गेला?”

पुढे मालिकेलाही ते अडचणीचं वाटलं असावं. पहिल्या सीझनच्या शेवटाकडे त्या कैद्यांना दूरच्या एका बेटावर हलवायचं ठरतं. त्या कामाला बॅरी एका अट्टल चोराची मदत घेतो आणि मोबदला म्हणून त्या चोराविरुद्धचे पुरावे पोलिसांकडून गायब करतो. एवढं करून चोर उलटतो आणि कैदी मोकाट सुटतात! पण सगळ्यात मोठा धक्का मला पुढच्या भागांत बसला. गाडं पूर्वीसारखंच चालू, पार्श्वसंगीतही तसंच छाती फुगवणारं.

नायक खलनायकापेक्षा चांगला असलाच पाहिजे का, या वादात मला फारसा रस नाही. नसला चांगला, तर नसू दे. माणूस आहे, चुकेल, चिडेल, एखाद्याचं मुस्काट फोडेल. माझी तक्रार मालिकेबद्दल आहे. आमच्याकडे ऊस कारखान्याला घालणाऱ्या शेतकऱ्याला साखर उताऱ्याच्या आधी वजनकाट्याची शंका येते. म्हणून काही जण ट्रॉली आधी बाहेरच्या काट्यावर मोजून घेतात आणि मग गव्हाणीकडं नेतात. सुपरहिरोंच्या मालिका बघताना मलाही असा एक बाहेरचा काटा जवळ ठेवावा लागतो. खलनायकानं माणूस कोंडला की त्याचं वजन टनात, नायकानं कोंडला की किलोत. ही काटामारी मला खपत नाही.

याचा कळस म्हणजे २०२१ ची ‘वांडाव्हिजन’. जादूची शक्ती असलेल्या वांडाचा माणूस मेलेला आहे, तिचं दुःख खरं आहे आणि ते काम त्या नटीनं फार सुंदर केलंय. पण त्या दुःखात ती अख्खं गाव ताब्यात घेते. वेस्टव्ह्यूचे लोक तिच्या संसाराच्या नाटकातली पात्रं होऊन जगतात. आतून ते जागे आहेत, त्यांना तिचीच दुःस्वप्नं पडतात, पोटच्या पोरांना भेटता येत नाही. हे दाखवलंय, त्याबद्दल मालिकेचं कौतुक. शेवटी ती सगळं मोडून त्या लोकांमधून चालत जाते, ते तिच्याकडे जळजळीत नजरेनं बघतात. झकास प्रसंग. आणि मग एक चांगली बाई तिला सांगते, की तू त्यांच्यासाठी काय गमावलंस ते त्यांना कधीच कळणार नाही. म्हणजे ज्याचं घर बळकावलं त्यानंच घर सोडणाऱ्याचे आभार मानायचे! एवढं ऐकून वांडा उडून जाते. कोर्ट नाही, माफी नावापुरती.

उलट ‘डेअरडेव्हिल’ बघा, २०१५ ची. नायक मॅट मर्डॉक दिवसा वकील आणि रात्री मुखवटा लावून गुंडांची हाडं मोडणारा. त्याच्यासमोरचा विल्सन फिस्कही म्हणतो की मला हेच शहर वाचवायचंय. दोघांचं गाव एक, जिद्द एक, दोघांनाही राग आवरत नाही. मॅट काही फार सज्जन नाही. पण पहिल्याच भागात तो चर्चमध्ये पाद्र्यासमोर बसतो आणि जे केलंय त्याची नाही, जे करणार आहे त्याची क्षमा मागतो. पाद्री त्याला मोकळं सोडत नाही. मित्राला खरं कळतं तेव्हा तोही सोडत नाही, मैत्री तुटायची वेळ येते. मॅटच्या प्रत्येक गुद्द्याची कुठे ना कुठे नोंद होते. मला एवढंच हवं असतं.

‘द बॉइज’वाल्यांनी दुसरं टोक गाठलं. तिथला सुपरहिरो होमलँडर झेंड्याचा झगा घालून हसतो आणि विमानभर माणसं मरायला सोडून देतो. त्याच्या मागे लागलेला बुचरही काही कमी नाही. सुरुवातीला मला हे धाडसाचं वाटलं. नंतर कंटाळा आला. सगळेच हरामखोर म्हटलं की कुणाचंच वजन करायला नको, काटा सरळ भंगारात घाला. भाची म्हणते मी म्हातारा झालोय.

असेनही. माझ्या पिढीचा सुपरहिरो शक्तिमान होता. १९९७ साली दूरदर्शनवर आला. तो स्वच्छ, निर्मळ, पंचमहाभूतांची शक्ती अंगात आणि प्रत्येक भागाच्या शेवटी मुलांना दात घासण्यापासून खरं बोलण्यापर्यंतचे धडे. समोर तमराज किल्विष, ‘अंधेरा कायम रहे’ म्हणत. तिथे कोण चांगला हे विचारायची सोयच नव्हती. गल्लीत खेळताना मात्र शक्तिमान व्हायला कुणी भांडायचं नाही, सगळ्यांना किल्विष व्हायचं असायचं. त्याला बोलायला तरी काहीतरी होतं.

सांगलीत तरी याचं नवल वाटायला नको. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी पटवर्धन सरकारांसमोर ‘सीतास्वयंवर’ केलं तेव्हापासून या गावानं देव आणि राक्षस रंगमंचावर बघितलेत. त्या जुन्या नाटकांत राक्षस आरडाओरडा करत, राळेच्या भडक्यात, रंगवलेल्या तोंडानं यायचे आणि उड्या मारून प्रेक्षकांची गाळण उडवायचे. कोण कोणत्या बाजूचा हे रंगावरूनच कळे. पुढे त्याच सांगलीत जन्मलेल्या खाडिलकरांनी १९०७ साली ‘कीचकवध’ आणलं. लोकांनी कीचकात लॉर्ड कर्झन बघितला. भीम दबा धरून, अंधारात, बायकोच्या नावानं बोलावून माणूस मारतो. यात धर्म कुठला, हे इंग्रज सरकारनं विचारलं नाही. टाळ्या कुणाला पडतायत एवढंच बघितलं आणि १९१० साली नाटकावर बंदी घातली. सुपरहिरोच्या बाबतीतही खरी भानगड टाळीचीच आहे. होमलँडरला खराखुरा नायक समजून डोक्यावर घेणारे चाहते उगाच निघाले नाहीत.

आणि कायद्याबाहेरचा न्याय म्हणाल तर तो आम्हाला अमेरिकेहून मागवायला नको. १९४३ च्या सुमारास जुन्या सातारा जिल्ह्यात, ज्यात आजची सांगलीही बरीचशी होती, क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार चालू होतं. शेणोलीजवळ रेल्वे अडवून सरकारी पैसा लुटला गेला. गावगुंडांच्या तळपायांवर फटके पडत. शिक्षा कडक होत्या आणि त्यांच्याबद्दल दोन मतं आजही ऐकू येतात. पण गावोगाव न्यायदान मंडळं होती, तंटे तिथे बसून सुटत. माणसं भूमिगत होती, तोंडाला मुखवटा नव्हता. ज्यांच्यासाठी लढायचं त्यांच्याच घरात भाकरी खायची, म्हणजे उद्या कुणी जाब विचारला तर बसल्या जागी ऐकून घ्यायचं. फ्लॅश कुणाच्या घरी बसून ऐकणार? तो बोलणं संपायच्या आत दुसऱ्या गावात पोचलेला असतो.

जुन्या गोष्टींतला मला सगळ्यात आवडणारा हिशोब महाभारतातला आहे. युधिष्ठिराचा रथ जमिनीपासून चार बोटं वर चालायचा. द्रोणांना पाडायला तो अश्वत्थामा मेला म्हणतो आणि हत्तीचं तोंडातल्या तोंडात पुटपुटतो. युद्ध त्याच्या बाजूनं झुकतं, पण रथ तिथेच जमिनीला टेकतो. व्यासांनी पांडवांना जिंकवलं आणि ही नोंदही ठेवली. शेवटी त्याला नरकाचं दर्शनही घडवलं. रामायणातही वाली मरता मरता रामाला धारेवर धरतो, झाडाआडून वार का केलास म्हणून. वाल्मीकींनी त्याला पोटभर बोलू दिलं. रामाचं उत्तर मला आजही फारसं पटत नाही, आणि तरी रामायण ऐकायला मी बसतोच.

हे सगळं मी भाचीला मोठ्या उत्साहानं सांगितलं. ती म्हणाली, “मामा, रथ टेकला ते बरं झालं, पण द्रोण गेले ते गेलेच की. त्यांना काय मिळालं?” मी म्हणालो, नोंद मिळाली. ती म्हणाली, “नोंद आम्ही पण करतो. एफआयआर म्हणतात त्याला. पुढं खटला पण चालवायला लागतोय.”

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिनं रिमोट घेतला आणि ‘डेअरडेव्हिल’चा पुढचा भाग लावला.