कानाची चाचणी आणि वाया गेलेले दोन बुधवार

माझं वय ६३. जिनिंगमध्ये रेच्यांपाशी, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या यंत्रांपाशी, १९ हंगाम काढले आणि त्या घरघरीतच कान गेले. आधी नातीचं बोलणं कळेनासं झालं. जाड आवाज बरेच दिवस कळत होता, त्यामुळे घरच्यांना वाटायचं, "बाबाले पाहिजे तेवढंच आयकू येते." रेच्यांच्या आवाजाने आधी बारीक आवाज जातो, हे पुढे चाचणीवाल्या मॅडमनी आलेखावर बोट ठेवून दाखवलं, तेव्हा कुठे माझ्या पोराची खात्री पटली.

दिव्यांग प्रमाणपत्राचा ऑनलाइन अर्ज गावातल्या सेवा केंद्राच्या पोराने अर्ध्या तासात भरून दिला. अडकलो ते जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात.

तिथे कानाची चाचणी फक्त बुधवारी. सकाळच्या एसटीने निघून साडेनऊला चिठ्ठी काढली. नंबर ३१. खोलीबाहेर बाकावर बसलेले सगळे माझ्यासारखेच कमी ऐकणारे, आणि नावं मात्र तोंडाने पुकारत होते! पुकारणाऱ्याच्या तोंडाला मास्क, म्हणजे ओठ पाहून ओळखायची सोयही गेली. पोरगा झेरॉक्सला गेला होता. दीड वाजता दार बंद झालं तेव्हा मी उठून विचारलं. पुकारणाऱ्याने चिठ्ठीवर लिहून दाखवलं : "पुकारलं होतं. पुढच्या बुधवारी या."

पुढच्या बुधवारी मी एकटाच गेलो, कारण पऱ्हाटी (कापूस) वेचायला आली होती. पोराची मजुरी बुडवायची नव्हती. दाराला चिकटून उभा राहिलो. शिपायाने दंडाला धरून दोनदा बाकावर नेऊन बसवलं. त्यातच माझं नाव गेलं. शेजारची मावशी मागाहून खुणेनं म्हणाली, तुमचंच होतं वाटते. मी आत जाऊन विनवलं, तर आतला माणूस हातवारे करून ओरडत राहिला. मला एक शब्द कळला नाही. आजूबाजूचे पाहत होते. एसटी स्टँडवर येऊन मी बराच वेळ नुसता बसून राहिलो. इतकं अपमानाचं मला जिनिंगच्या मुकादमासमोरही वाटलं नव्हतं.

तिसऱ्या वेळी नातीने वहीच्या पुठ्ठ्यावर स्केचपेनने लिहून दिलं : "नंबर २२. ऐकू येत नाही. हात लावून बोलवा." तो सेफ्टी पिनने सदऱ्यावर लावला आणि बसलो. पावणेबाराला खांद्यावर हात पडला. जाणाऱ्या प्रत्येकाने हेच करावं, लाज धरू नये. आणि दवाखान्याने एक फळा टांगावा, त्यावर खडूने नंबर लिहावा. एवढंच लागतं.

आतली चाचणी वीसेक मिनिटांची. कानाला हेडफोन, मग कानामागे एक थरथरणारी वस्तू. आवाज अगदी पुसट आला तरी बोट वर करायचं. कायद्यात दोन्ही कानांचं नुकसान ६० ते ७० डेसिबल (आवाज मोजायचं माप) असलं की 'कमी ऐकू येणारा' आणि ७० पासून 'बधिर' धरतात. मी पहिल्यात बसलो. हो, एक राहिलं : कानात मळ असेल तर चाचणी पुढे ढकलतात. आधी तालुक्याला साफ करून घ्या. आदल्या दिवशी थ्रेशरजवळही थांबू नका.

ऐकायचं मशीन सरकारी योजनेच्या शिबिरात फुकट मिळालं. कानामागचं दाखवत होते, मी खिशात पेटी आणि कानापर्यंत तार असं जुन्या पद्धतीचं मागून घेतलं आणि त्याचं मला समाधान आहे. कानामागच्याला बटणासारखा सेल लागतो. त्याचा कागद एकदा काढला की वापरा न वापरा, तो उतरत जातो, आणि आमच्याकडे तो आणायचा म्हणजे तालुका गाठायचा. माझ्या भेगाळलेल्या बोटांत तो धरवतही नाही. याला साधा पेन्सिल सेल चालतो, तो गावच्या किराणा दुकानात मिळतो. मात्र माईक पेटीतच असतो, म्हणून खिशात घातलं की कापडाची खरखर फार. सूनबाईने बंडीला बाहेरून जाळीचा खिसा शिवून दिला तेव्हा ती थांबली.

शिटी वाजली तर मशीन बिघडलं असं समजू नका. कानातला साचा सैल बसला की आवाज बाहेर पडतो आणि पुन्हा माईकमध्ये शिरतो. रबरी बोंडी घालून भागवू नका, स्वतःच्या कानाचं माप देऊन साचा करून घ्या. तार पिनेजवळच तुटते. मशीन काढताना तारेला ओढू नका, पिन धरा. एकदा घेतलं की त्या योजनेत तीन वर्षं दुसरं मिळत नाही.

शेजारच्या गावातले एक काका या बुधवारी चाललेत. पुठ्ठा त्यांना दिला आहे, २२ खोडून.