तिसरं गाणं

"मामा, हे सगळं मोबाइलवर आहे की!" सीडीचा ट्रे आत सरकत असताना भाचा म्हणाला.

आहे खरं. १९८२ साली बाजारात आलेल्या या चकतीत आजही तेच १६ बिट, ४४.१ किलोहर्ट्झ; म्हणजे आवाजाच्या सेकंदाला ४४,१०० नोंदी, प्रत्येक नोंद १६ बिटांची. प्लेअर कितीही भारी घ्या, त्यात एक बिट वाढत नाही. (जाहिराती काहीही म्हणोत!)

तरी त्याला बसवलंच. तानपुऱ्याची जवार, सूर लावण्याआधी गायकाने घेतलेला श्वास... स्वारी गप्प.

तिसरं गाणं काही त्याला रुचेना. बोटं चुळबुळायला लागली. रिमोट माझ्या मांडीवर, मी ढिम्म.

चौथं संपलं तसा म्हणाला, "ते तिसरं परत लाव ना."

मोबाइलवर ते त्याने शेवटपर्यंत ऐकलं असतं का?