मॅचकडं पाठ करून गाणारा माणूस

मी कोल्हापूरचा, त्यामुळं फुटबॉलची गर्दी आपल्याला काय नवीन नाही असं समजूनच जर्मनीत डॉर्टमुंडला पहिल्या मॅचला गेलो. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम विरुद्ध प्रॅक्टिस क्लब बघत वाढलोय, पेठेची इज्जत पणाला लागली की काय ईर्षा असते ते तुम्हाला सांगायला नको. इथं यू-बानमध्येच, म्हणजे इथल्या मेट्रोत, गाणी सुरू झाली तेव्हा म्हटलं ठीक आहे, आपल्यासारखेच आहेत की.

पण आत गेलो आणि गप्पच झालो राव. एकाच बाजूला जवळजवळ 25 हजार माणसं, सगळी उभी, अंगावर पिवळं. हिलाच यलो वॉल म्हणतात. आणि तिच्या पायथ्याशी एका छोट्या स्टँडवर एक गडी मैदानाकडं पाठ करून उभा, हातात मेगाफोन. याला इथं कापो म्हणतात. पूर्ण पहिला हाफ मी अधूनमधून त्याच्याकडंच बघत होतो, त्यानं चार वेळा तरी मागं वळून बघितलं असेल का नाही शंका आहे. समोर कॉर्नर चाललाय, लोक टाचा उंचावतायत, आणि हा लोकांचे चेहरे बघून ठरवतोय की आता कुठलं गाणं टाकायचं, कुठं थांबायचं. दिंडीत चाल धरणारा असतो ना, अगदी तसा, फक्त याला विठ्ठल दिसतच नाही.

मी आपला जोशात टाळ्या वाजवायला लागलो तर शेजारच्या आजी, सत्तरीच्या तरी असतील, त्यांनी माझा हातच धरला. खाली ढोलवाल्याकडं बोट दाखवलं आणि हळू हळू म्हणून खूण केली. नंतर डोक्यात प्रकाश पडला. ही भिंत शंभरेक मीटर रुंद आहे, म्हणजे या टोकाचा आवाज त्या टोकाला पोचायला पाव सेकंदाच्या वर लागतो, फास्ट ठेका धरला की कडेची माणसं मागं पडतात आणि सगळी खिचडी होते. म्हणून ढोल खाली मधोमध, आणि लोकांनी कानापेक्षा डोळ्यांनी, म्हणजे ढोलवाल्याचे हात आणि पुढच्यांच्या टाळ्या बघून ठेका धरायचा. गणपतीत मंडपाच्या मागच्या टोकाची आरती अर्धी ओळ मागं का राहते ते मला जर्मनीत येऊन कळलं, आता बोला.

दुसरी गोष्ट म्हणजे उभं राहणं. बसून माणूस पोटातनं गातच नाही. इंग्लंडमध्ये 1989 च्या हिल्सबरो स्टेडियमवरच्या चेंगराचेंगरीनंतर मोठ्या क्लबांना सगळीकडं खुर्च्या टाकाव्या लागल्या, कारण खरं होतं, 97 जीव गेले होते, पण गाणारे पांगले ते पांगलेच, आणि उभं राहायची अधिकृत परवानगी परत मिळायला 2022 उजाडलं. जर्मनांनी लीगच्या मॅचसाठी उभ्याची जागा कधी काढलीच नाही, शिवाय तिथलं तिकीट खुर्चीपेक्षा स्वस्त, म्हणून विद्यार्थी पोरं टिकून आहेत. (माझ्यासारखी. लोन अजून फिटायचंय.)

या आवाजाची किंमत त्यांना पक्की माहितीय. 2012 च्या शेवटी स्टेडियमच्या सुरक्षेचे नवे नियम येणार होते, तेव्हा देशभरातले फॅन्स मॅचची पहिली 12 मिनिटं 12 सेकंद गप्प बसले. दगड नाही, राडा नाही, नुसतं गप्प. ऑफिसमधला एक जण तेव्हा भिंतीत होता, तो म्हणतो खेळाडूंचं एकमेकांना ओरडणं वरपर्यंत ऐकू येत होतं आणि अंगावर काटा आला.

आपल्याकडं आवाजाची कमी नाहीच हो. पण खरं सांगायचं तर आपला अर्धा जोर समोरच्या पेठेला शिव्या घालण्यात जातो, आणि आपल्या टीमसाठी अख्ख्या स्टँडला पाठ असलेलं गाणं विचाराल तर बोंब. चाल बसवायला भजनी मंडळं आहेत, ठेक्याला हलगी आहे, अजून काय पाहिजे? हेच परवा फोनवर मित्राला सांगितलं, तू कापो हो म्हटलं, तुझा गळा चांगलाय, तालमीची पोरं तुझं ऐकतात. त्यानं सगळं नीट ऐकून घेतलं.

"म्हंजे नव्वद मिनिटं मॅचकडं पाठ?"

"हो."

"आणि गोल झाला तर?"

"लोकांच्या तोंडावरनं कळतं."

बराच वेळ काही बोललाच नाही. मग म्हणाला, "भावा, ढोल वाजवतो की मी."