गाडीचे नाक किती इंचांवर?

कोल्हापुरात जुलै लागला की राजाराम बंधाऱ्याची पातळी प्रत्येकाच्या तोंडी असते. ३९ फूट म्हणजे इशारा आणि ४३ फूट म्हणजे धोका, हे शाळकरी पोरेही सांगतात. पंचगंगेचा हिशेब असा फूट-इंचांत ठेवणाऱ्या मला, माझ्या स्वतःच्या गाडीचे इंजिन जमिनीपासून किती इंचांवरून श्वास घेते, हे मात्र गाडी पाण्यात बंद पडेपर्यंत ठाऊक नव्हते. ती उंची टेपने मोजल्यावर नऊ इंच भरली.

माझी गाडी १२०० सीसीची साधी पेट्रोल हॅचबॅक आहे. उद्यमनगरात माझा सुटे भाग यंत्रावर घडवण्याचा छोटा व्यवसाय आहे, त्यामुळे लोखंडाशी खेळण्याची खोड जुनी. त्याच खोडीतून कोल्ड एअर इनटेक बसवण्याची हौस आली. कंपनीचा प्लास्टिकचा एअर फिल्टर बॉक्स काढून टाकायचा, त्या जागी ॲल्युमिनियमचा लांब पाइप घालायचा, आणि त्याच्या टोकाचा शंकूच्या आकाराचा फिल्टर इंजिनाच्या उष्णतेपासून दूर, पुढच्या बंपरमागे चाकाच्या बाजूला खाली लोंबकळत ठेवायचा, अशी ती रचना. तिच्यामागचे गणित खरे आहे. बॉनेटखाली ६० अंश तापलेल्या हवेपेक्षा बाहेरची ३० अंशांची हवा सुमारे दहा टक्के अधिक दाट असते आणि दाट हवेबरोबर जास्त इंधन जाळता येते. मात्र बहुतेक गाड्यांना कंपनीच रेडिएटरच्या वरून, म्हणजे बाहेरचीच, हवा देत असते. मी विकत घेतलेल्या थंडाव्यातला बराचसा मला आधीच फुकट मिळालेला होता. आवाज तेवढा भारदस्त झाला, हे मान्य करावे लागेल.

दोन वर्षांपूर्वी जुलैमधल्या एका संध्याकाळी तासभर कोसळलेल्या पावसानंतर मी घरी निघालो होतो. जयंती नाल्याजवळच्या सखल रस्त्यावर पाणी होते, पण ते चाकाच्या मध्यापर्यंतही पोचत नव्हते आणि पुढच्या दोन दुचाक्या निघूनही गेल्या होत्या. समोरून एक बस आली, तिने ढकललेली लाट माझ्या बंपरवर आदळली, आणि इंजिनाने एकदा घसा खाकरल्यासारखा आवाज करून मान टाकली. मागून हॉर्न वाजू लागले, मी गडबडलो आणि किल्ली फिरवली. ‘खट्’ असा एकच आवाज झाला. स्टार्टर जागच्या जागी अडकला. मिस्त्रींना फोन लावला, तेव्हा गाडी कुठे आहे हे विचारण्याआधी त्यांनी विचारले, “सेल्फ मारलासा काय?” मी म्हणालो, “एकदाच.” ते क्षणभर गप्प राहिले. मग म्हणाले, “आता किल्लीला हात लावू नगा. ढकलून कडंला घ्या.”

त्या एकदाच मारलेल्या सेल्फची किंमत समजण्यासाठी थोडे गणित करावे लागते. माझ्या इंजिनाच्या एका सिलिंडरमध्ये ३०० सीसी हवा मावते आणि पिस्टन वर आल्यावर ती दाबली जाऊन ३३ सीसीच्या जागेत बसते. हवा दबते, पाणी दबत नाही. ३३ सीसीपेक्षा जास्त पाणी आत गेले की पिस्टनला वर यायला जागाच उरत नाही. खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचे दहा मिलीचे झाकण डोळ्यांसमोर आणावे; तशी साडेतीन झाकणे पाणी पुरते. डिझेल इंजिनाचे कॉम्प्रेशन, म्हणजे हवा दाबण्याचे प्रमाण, जास्त असल्याने तेथे दोन झाकणेच पुष्कळ होतात. पाणी हटत नाही, पिस्टन थांबतो, पण क्रँक, म्हणजे पिस्टनच्या वर-खाली होण्याने फिरणारा दांडा, मात्र फिरण्याच्या जोरात असतो, आणि मग या दोघांना जोडणारा, मध्ये सापडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो. गाडी वेगात असताना हे घडले, तर तोच रॉड मोडून इंजिनाच्या ब्लॉकला भोक पाडून बाहेर येऊ शकतो. गॅरेजच्या भाषेत याला इंजिनाने पाणी पिणे म्हणतात. पुस्तकी नाव हायड्रोलॉक.

दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये चारही स्पार्क प्लग काढून क्रँकची पुली पान्याने हळूहळू हाताने फिरवली, तेव्हा तिसऱ्या सिलिंडरमधून मातकट पाण्याची चूळ थेट बॉनेटच्या आतल्या बाजूवर उडाली. ऑइल सुदैवाने दुधाळ झाले नव्हते, तरीही ते आणि फिल्टर बदलले. प्लग बसवून गाडी सुरू झाली, आणि मला वाटले की सुटलो. कॉम्प्रेशन गेज लावल्यावर तीन सिलिंडर १८० पीएसआय दाखवत होते, तिसरा १५५. हेड उतरवले आणि माझ्याच वर्कशॉपमधला, बारीक फरक मोजणारा डायल गेज आणून चारही पिस्टन सर्वांत वर आल्यावर मोजले. तिसरा इतरांपेक्षा जवळजवळ एक मिलिमीटर खाली थांबत होता. रॉड हातात घेऊन पाहिला तर तो डोळ्यांना सरळच दिसत होता. सरफेस प्लेटवर, म्हणजे तपासणीच्या अचूक सपाट पाटावर, ठेवल्यावर त्याखालून प्रकाश दिसला. असा रॉड तसाच ठेवला, तर गाडी काही महिने चालते आणि मग कधीतरी हायवेवर तुटते. पाणी पिऊन सुरू झालेल्या गाडीचे कॉम्प्रेशन मोजल्याशिवाय ती बरी झाली असे मानू नये, असे माझे ठाम मत आहे.

यानंतर मी इनटेकच्या बचावाची साधने मन लावून अभ्यासली, आणि त्यांतली काही वापरूनही पाहिली. पहिले साधन म्हणजे फिल्टरवर चढवायचा पाणी झटकणारा जाळीदार मोजा. चाकाने उडवलेले तुषार आणि पावसाची झड तो उत्तम थोपवतो. परंतु फिल्टर पाण्यात बुडाला की बाहेरून पाण्याचा दाब आणि आतून इंजिनाची ओढ यांच्यापुढे त्याचे काही चालत नाही, आणि आपल्याकडच्या चिखलाने तो इतका भरतो की दर आठवड्याला साबणाच्या पाण्याने धुवावा लागतो. दुसरे साधन बायपास व्हॉल्व्ह. हा पाइपमध्ये फिल्टरपेक्षा वरच्या जागी बसतो. फिल्टर बुडून आतली ओढ वाढली की त्याच्या पाकळ्या उघडतात आणि इंजिन तेथून हवा घेते. कल्पना चांगली आहे, पण पाणी व्हॉल्व्हपर्यंत चढले तर तोही पाणीच देणार. शिवाय टर्बो गाड्यांना तो लावू नये अशी सूचना असते, आणि हवा मोजणारा सेन्सर असलेल्या गाडीत तो सेन्सरच्या पुढे, इंजिनाच्या बाजूला, बसवला तर न मोजलेली हवा आत जाऊन मिश्रण बिघडते.

खरी चूक मात्र मला तिसऱ्याच ठिकाणी सापडली. पाइप घालताना अडथळा होतो म्हणून चाकावरच्या कमानीतले प्लास्टिकचे अस्तर कापून टाकले होते, त्यामुळे पुढचे चाक कोरड्या दिवसांत धूळ आणि ओल्या दिवसांत पाणी थेट फिल्टरच्या तोंडावर मारत होते. फिल्टर काढला तेव्हा त्याच्या अर्ध्या भागावर लाल मातीचा थर होता आणि उरलेला अर्धा नव्यासारखा निळा. दोन्हींमधली रेघ पट्टीने ओढल्याइतकी सरळ होती. ज्यांना खालचाच फिल्टर ठेवायचा आहे, त्यांनी हे अस्तर कापू नये, आणि कापलेच असेल तर पत्र्याची आडोशाची पट्टी तरी बसवावी. पाणी निघून जावे म्हणून पाइपलाच तळाशी भोक पाडणारे मला भेटले आहेत. हा प्रकार करू नये. ते भोक फिल्टरच्या पुढे असल्यामुळे त्यातून वर्षभर न गाळलेली धूळ इंजिनात जाते. कंपनीच्या बॉक्सला तळाशी असलेले छोटे भोक फिल्टरच्या अलीकडे, बाहेरच्या बाजूला असते. ते पालापाचोळ्याने बुजले नाही ना, एवढे मात्र पावसाळ्यापूर्वी पाहावे.

ही सगळी साधने शिंतोड्यांचा प्रश्न सोडवतात, बुडण्याचा नाही, आणि बुडण्याला उत्तर एकच, ते म्हणजे उंची. फिल्टरची सर्वांत खालची कड जमिनीपासून किती उंच आहे, ते गाडी सपाट जागी उभी करून मोजावे, आणि चालत्या गाडीपुढे पाण्याची जी लाट उठते तिच्यासाठी त्यातून चांगले अर्धा फूट वजा करावे. समोरून अवजड वाहन येत असेल, तर तेही पुरत नाही. आपल्याकडे ऊस ओढणाऱ्या ट्रॅक्टरांकडे पाहिले तर अनेकांच्या हवेच्या नळीचे टोक बॉनेटच्याही वर उभे दिसते. शेतातल्या माणसाला हे कोणी शिकवावे लागले नाही. थारसारख्या गाडीची पाण्यातून जाण्याची मर्यादा कंपनी ६५० मिलिमीटर सांगते, तीही स्थिर पाण्यातून चालण्याच्या गतीने जाण्यासाठीच. स्नॉर्केल बसवणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे की छतापर्यंत नळी नेऊन खालचा एक सांधा जरी ढिला राहिला, तरी इंजिन त्या सांध्यातूनच पाणी ओढते.

पाण्यात रेस वाढवून ठेवावी, म्हणजे सायलेन्सरमध्ये पाणी शिरत नाही, हा सल्ला मला लहानपणापासून मिळत आला आहे. सायलेन्सरपुरता तो अगदी चुकीचा नाही, परंतु १२०० सीसीचे इंजिन ३,००० फेऱ्यांवर पूर्ण थ्रॉटलला मिनिटाला सुमारे १,८०० लिटर हवा ओढू शकते, आणि फिल्टर पाण्याला टेकलेला असताना ही ओढ कमीत कमी असणेच हिताचे असते. पहिला गिअर, मंद आणि एकसारखी गती, आणि पुढचे वाहन पाण्याबाहेर पडल्यावरच आपण उतरणे, एवढे पुष्कळ आहे.

विम्याबद्दल थोडक्यात. साध्या सर्वसमावेशक पॉलिसीत पाणी शिरलेल्या इंजिनाची दुरुस्ती सहसा बसत नाही. त्यासाठी इंजिन प्रोटेक्शनचे वेगळे कव्हर घ्यावे लागते, आणि पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा सुरू करण्याचा प्रयत्न केला असेल तर दावा अडचणीत येतो. इनटेक बदलल्याचेही विमा कंपनीला आधी कळवलेले बरे. माझ्याकडे ते कव्हर नव्हते. रॉड, बेअरिंग, गॅस्केट आणि मजुरी मिळून जो आकडा झाला, त्यात इनटेकचे चार संच आले असते.

आता माझा रिवाज ठरला आहे. मृग निघण्यापूर्वीच्या रविवारी ॲल्युमिनियमचा पाइप उतरतो, जुन्या चादरीत गुंडाळून माळ्यावर जातो, आणि कंपनीचा प्लास्टिकचा बॉक्स परत बसतो. त्याचे तोंड २६ इंचांवर आहे. दसऱ्याच्या खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की पाइप खाली येतो. या अदलाबदलीला एक पाना, एक स्क्रू ड्रायव्हर आणि पाऊण तास लागतो. शिवाय गाडीत एक लांब दांड्याची जुनी छत्री ठेवली आहे, जिच्या टोकापासून बरोबर दहा इंचांवर लाल इन्सुलेशन टेप गुंडाळली आहे. पाणी दिसले की खाली उतरून ती रस्त्याच्या कडेला बुडवून पाहतो. या आषाढात ती दोनदा बुडवली. दोन्ही वेळा टेप दिसेनाशी झाली आणि मी गाडी मागे वळवली.