खरं धनुष्य बांबूचंच

दर जूनमध्ये नवीन मुलं मैदानावर आली की थोड्याच दिवसांत कुणीतरी पालक मला बाजूला घेऊन विचारतात, "बाई, ह्याला खरं धनुष्य कधी देणार?" मुलाच्या हातात तेव्हा बांबूचं धनुष्य असतं. पालकांच्या मनात असतं टीव्हीवरचं: चाकं लावलेलं, काळं, चकचकीत. त्यांचा दोष नाही. 2023 मध्ये बर्लिनला साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे जगज्जेते झाले, ते कंपाउंड, म्हणजे याच चाकांच्या धनुष्यावर. ते फोटो सोलापुरात घराघरांतल्या मोबाइलवर फिरले, आणि धनुष्य म्हणजे तेच अशी समजूत पक्की झाली.

मी सोलापुरात क्रीडाशिक्षिका आहे आणि मुलांना 'इंडियन राउंड' शिकवते. हा राष्ट्रीय स्पर्धांमधला स्वतंत्र प्रकार आहे: धनुष्य बांबूचं, अंतरं 30 आणि 50 मीटर. धनुष्य स्थिर ठेवणारा स्टॅबिलायझर नाही. डोळा, खांदा आणि बोटं यांच्यावरच सगळं. तरी बहुतेक लोक, काही प्रशिक्षकसुद्धा, याला बालवाडी समजतात. बांबूवर हात बसवा आणि मग 'पुढे' जा. माझं म्हणणं असं की ही पायरी नाही, ही स्वतंत्र विद्या आहे. आणि ती जितकी नेम धरणाऱ्याची, तितकीच धनुष्य घडवणाऱ्याची.

आमची धनुष्यं जे करतात त्यांना आम्ही सगळे मामा म्हणतो. बुरुडकाम हा घरचा धंदा. सुपं, टोपल्या, दुरड्या, लग्नसराईत रुखवताच्या परड्या. बोलणं निम्मं मराठी, निम्मं कानडी. बाहेरून मागवलेली धनुष्यं एका उन्हाळ्यात तडकली, तेव्हा मी तुटलेला एक तुकडा घेऊन त्यांच्याकडे गेले. त्यांनी तो उन्हाकडे धरून पाहिला, नख मारलं आणि म्हणाले, "कवळा बांबू हाय बाई. पावसात तोडलेला. ह्यो टिकंल कसा?"

तेव्हापासून मी त्यांच्या अंगणात बसून पाहत आले आहे. जे पाहिलं ते सविस्तर लिहिते, कारण ते लिहिलेलं मला कुठे सापडलं नाही.

बांबू मानवेलच हवा. तो बुडाकडे जवळजवळ भरीव असतो. वय तीन-चार वर्षांचं, तोड हिवाळ्यातली. पावसाळ्यात बांबूत गोड रस आणि पिठूळपणा जास्त असतो, त्यामुळे भुंगा लवकर लागतो आणि आतून भुसा पडतो. मामा अमावास्येजवळ तोडलेला माल मागतात. त्यातलं तिथीचं किती खरं ते माझ्या अभ्यासाबाहेरचं, पण त्यांच्या मालाला भुंगा लागलेला मी पाहिलेला नाही. मग हा बांबू सावलीत आडवा पडून राहतो. ऊन दाखवायचं नाही. सोलापूरचा मे महिना लाकडाला उभा चिरतो, तिथे ओल्या बांबूची काय कथा.

नंतर कोयत्याने चीर. एका बांबूच्या शेजारशेजारच्या कांबटी, म्हणजे उभ्या पट्ट्या, वेगळ्या काढून ते दोन-दोन जोडून ठेवतात. धनुष्याचा वरचा हात आणि खालचा हात एकाच जोडीतून घ्यायचे, म्हणजे दोन्हींचा स्वभाव सारखा आणि पेरं समोरासमोर. मधे शिसवी लाकडाची मूठ. तिच्यावर दोन्ही कांबटींची बुडं तिरपी बसवून, आधी चिकटवून, मग दोऱ्याने घट्ट आवळायची.

आता खरी गोष्ट. बांबूची बाहेरची हिरवी पाठ हा त्याचा सर्वात ताकदीचा भाग, कारण तंतू तिथे सर्वात दाट असतात. आत जावं तसे ते विरळ होतात. धनुष्य ओढलं की लक्ष्याकडची बाजू ताणली जाते आणि आपल्याकडची दबते. म्हणून पाठ लक्ष्याकडे ठेवायची आणि तिला कानस लावायची नाही. पेरावरची उंच कडसुद्धा पूर्ण सपाट करायची नाही. पाठीवर एक ओरखडा गेला तरी तिथूनच तंतू सुटून कूस उठते. जे काय तासायचं ते पोटाकडून, म्हणजे आतल्या बाजूने. मामा आधी सुरीने, मग कानशीने आणि शेवटी फुटक्या काचेच्या धारेने तासतात. काचेने निघणारी साल कागदाहून पातळ असते. बसल्या जागी तिचा ढीग पांढरा होत जातो.

दोरी चढवली की धनुष्य भिंतीवरच्या खुंटीला अडकवून हळूहळू ओढायचं आणि लांब उभं राहून वाक पाहायचा. एक हात कमी वाकत असेल तर तो कडक. तासायचं त्यालाच. जो जास्त वाकतो त्याला हात लावायचा नाही. पुन्हा अडकवा, पुन्हा ओढा, पुन्हा दोन-चार काचेचे हात. मी एकदा घाईने म्हणाले, "आता झालं की मामा." ते म्हणाले, "काढलेलं परत लावता येत न्हाई बाई. थांबा." ओढायला किती जोर लागतो ते मोजायला भंगारवाल्याचा ताणकाटा. लहान मुलांसाठी दहा-अकरा किलोवर ते थांबतात. शेवटी निखाऱ्यावर पोटाची बाजू शेकून घ्यायची, टोकांना थोडा उलटा वाक द्यायचा आणि जवसाचं तेल चोळायचं.

हेच काम जगात इतरत्र कसं मानलं जातं ते पाहिलं की मला फार वाटतं. कोरियात पारंपरिक धनुष्य आणि बाण बनवणाऱ्यांच्या कलेला 1971 साली राष्ट्रीय वारशाचा दर्जा मिळाला. त्यांचं 'गाक्गुंग' आकाराने लहान, पण बनावट अवघड: मधे बांबू, टोकांना तुतीचं लाकूड, पोटाला पाणम्हशीचं शिंग, पाठीवर गुराच्या कंडरांचे (स्नायू हाडाला जोडणाऱ्या चिवट दोऱ्यांचे) तंतू आणि हे सगळं धरून ठेवायला माशाच्या वाताशयापासून केलेला गोंद. शिंग दाब सोसतं, कंडरा ताण सोसतात. मामा बांबूच्या पोटा-पाठीबद्दल जे सांगतात तेच हे, फक्त दोन वेगळ्या वस्तूंत. हवेत दमटपणा असला की हा गोंद मऊ पडतो, म्हणून वापरण्याआधी हे धनुष्य उबदार कपाटात ठेवतात. आणि नेम किती लांबचा? 145 मीटर. ऑलिंपिकमध्ये 70 असतो.

भूतानमध्येही अंतर साधारण कोरियाइतकंच, आणि तिथे धनुर्विद्या राष्ट्रीय खेळ. हल्ली कंपाउंड तिथेही शिरलं आहे, पण बांबूच्या धनुष्यांच्या स्पर्धा वेगळ्या भरतात. बांबूला त्यांनी खालच्या वर्गात बसवलेलं नाही. जपानमध्ये मियाकोनोजो नावाचं एक शहर आहे. देशातली बहुतेक बांबूची धनुष्यं तिथे होतात, दोन मीटरहून उंच. मूठ मधोमध नसते, बरीच खाली असते. बांबू आणि लाकडाच्या पट्ट्या चिकटवून दोराने बांधतात आणि त्या दोरात पाचरी ठोकत ठोकत वाक देतात. गोंद सुकायच्या आत सगळं व्हायला हवं. ते काम मी व्हिडिओत पाहिलं आणि मामांना दाखवलं. त्यांनी तो व्हिडिओ थांबवून थांबवून पाहिला आणि पाचरी कशाच्या आहेत एवढंच विचारलं.

तुर्कस्तानची धनुर्विद्या 2019 मध्ये युनेस्कोच्या यादीत गेली. उस्मानी काळातल्या त्यांच्या लांब पल्ल्याच्या विक्रमांचे दगड इस्तंबूलच्या ओकमेयदानीत उभे केले जात. त्यांतले काही पल्ले आठशे मीटरच्या पुढचे. शिंग-कंडरांची अशी धनुष्यं आपल्याकडे मुघलांच्या काळातही होती. आपल्या पावसाळ्यात ती जपणं सोपं नव्हतं, आणि हिंदुस्थानात पोलादी धनुष्यं झाली त्याचं एक कारण हेच सांगतात. ती कोठारात वर्षानुवर्षं पडून राहिली तरी बिघडत नसत. मारा मात्र शिंगाच्या धनुष्याइतका जोरदार नसे.

राजेरजवाड्यांची धनुष्यं संग्रहालयात गेली. बांबूची वापरून मोडली, चुलीत गेली आणि पुन्हा नवी झाली. त्यामुळे त्यांचा इतिहास कुणाला दिसत नाही. आपल्या नंदुरबारकडचा तीर-कामठा घ्या. भिल्लांच्या कामठ्याला अनेक ठिकाणी दोरीसुद्धा बांबूचीच असते: सालीची लांब पातळ पट्टी, दोन्ही टोकांना सुतळीच्या फासाने बांधलेली. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला ती तुटेल असं वाटलं होतं. पण अशी पट्टी ताणात लांबत नाही, त्यामुळे ओढणाऱ्याचं बळ दोरीत वाया न जाता बाणाला मिळतं. जंगलात जे उगवतं त्यातूनच धनुष्य, दोरी आणि बाणाची काडी. लोखंडी फाळ तेवढा लोहाराकडून. इतकं कमी साहित्य लागणारं आणि इतकं नेमकं काम करणारं दुसरं हत्यार मला माहीत नाही.

लिंबाराम याच मातीतून आले. राजस्थानातल्या आदिवासी घरातला मुलगा, बांबूच्या धनुष्यावर वाढलेला. 1988 पासून लागोपाठ तीन ऑलिंपिक खेळले, 1992 मध्ये बीजिंगच्या आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत 30 मीटरवर 360 पैकी 358 गुण मिळवून जागतिक विक्रमाशी बरोबरी केली. त्यांना पद्मश्री मिळाली आणि ती मिळायलाच हवी होती. पण त्यांच्या लहानपणीचं ते धनुष्य कुणी केलं होतं? असा प्रश्न आपल्याकडे कुणी विचारतच नाही. बॅटवर कंपनीचं नाव असतं, तबल्यावर कारागिराच्या दुकानाचा शिक्का असतो. बांबूच्या धनुष्यावर काहीच नसतं.

याला एक अगदी कोरडं कारणही आहे आणि ते मला दरवर्षी भेटतं. शाळेच्या निधीतून साहित्य घ्यायचं तर तीन दरपत्रकं आणि जीएसटीचं पक्कं बिल लागतं. मामांकडे बिलबुक नाही. म्हणून कागदावर धनुष्य पुरवतो तो दुकानदार, ज्याने ते कुठल्या तरी दुसऱ्या शहरातून घाऊक आणलेलं असतं. मामांचं धनुष्य येतं ते पालकांच्या वर्गणीतून किंवा माझ्या पगारातून, आणि कागदावर त्याची कुठेच नोंद राहत नाही. मला याचा राग येतो. हातमागावाल्याला विणकर म्हणून ओळखपत्र मिळतं, या शहराला त्याची किंमत कळते. बुरुडाच्या हातातलं हे कौशल्यही त्याच तोडीचं आहे. मुलाच्या खांद्याची उंची आणि हाताची लांबी बघून, टेप न लावता, कांबट निवडणारा माणूस मी तरी दुसरा पाहिलेला नाही.

मामांचा मुलगा एमआयडीसीत कामाला जातो. सुट्टीच्या दिवशी तो काच घेऊन बसतो, तेव्हा मामा काही बोलत नाहीत, फक्त त्याने तासलेलं धनुष्य खुंटीला लावून ओढतात. आमच्या दोन मुलीही आता तिथे जातात. त्यांतल्या एकीने गेल्या दिवाळीच्या सुट्टीत स्वतःचं धनुष्य स्वतः तासलं. जिल्हा स्पर्धेत ती त्याच धनुष्यावर खेळली. तिची फेरी सुरू असताना शेजारच्या शाळेचे सर येऊन विचारून गेले, हे कुठून मागवलं.

यंदा मी दोन गोष्टी करते आहे. मामांची उद्यम नोंदणी आणि बिलबुक, म्हणजे पुढच्या खरेदीत त्यांचं दरपत्रक बाकीच्यांच्या बरोबरीने ठेवता येईल. आणि आमच्या साहित्याच्या रजिस्टरमध्ये 'पुरवठादार' या रकान्याशेजारी एक नवा रकाना आखला आहे: 'घडवणारा'. मुठीच्या आतल्या बाजूला, दोरा आवळायच्या आधी, मामा आता सुरीने आपली खूण कोरतात. पहिली काही धनुष्यं तशी आली आहेत. पालकांनी विचारलं की मी ती खूण दाखवते आणि मामांच्या दुकानाचा पत्ता सांगते.