जांभ्यावरचा उतार

मिरामार ते दोनापावल रस्त्यावर दहा किलोमीटर सहज धावणारा माणूस गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या डोंगरात पहिल्यांदा येतो, तेव्हा त्याला चढाची धास्ती असते. चढ दमवतो, पण सहसा इजा करत नाही. दम लागला की चालायचं, एवढा उपाय पुरतो. पाय मुरगळतात आणि गुडघे फुटतात ते उतारावर. म्हणून आमच्या धावण्याच्या क्लबची रविवारची धाव आखताना आम्ही सुरुवात शेवटाकडून करतो. कोणत्या वाटेने उतरायचं आणि या महिन्यात ती वाट कशी असेल हे आधी ठरतं, चढायची वाट मग तिला जोडून घ्यायची.

याचं कारण आपला दगड. जांभा वर्षभर एकसारखा वागत नाही. पावसाळ्यात कुळागराच्या, म्हणजे सुपारीच्या बागेच्या, सावलीतल्या वाटेवरचा, पायऱ्यांचा चिरा काळपट-हिरवा होतो आणि त्यावर कोणताही बूट टिकत नाही. तळाला पाच मिलिमीटर खोल दात असलेला, डोंगरात धावायचा महागडा ट्रेल शूही नाही. दातांना रुतायला माती लागते. कातळावर पकड देतं ते मऊ रबर, आणि मधे शेवाळाचा थर असला की रबर दगडापर्यंत पोचतच नाही. याउलट उघड्या सड्यावरचा, म्हणजे माथ्यावरच्या सपाट कातळावरचा, उन्हात राहणारा खडबडीत जांभा ओला असला तरी पाय धरून ठेवतो. तेव्हा रंग बघायचा. तांबूस दिसला तर बिनधास्त पाय टाका. काळा चकचकीत दिसला तर बाजूच्या मातीत किंवा गवताच्या बुडख्यावर टाका.

नोव्हेंबरनंतर शेवाळ वाळतं आणि दुसरीच अडचण उभी राहते. जांभ्याची झीज होऊन सुटलेले वाटाण्याएवढे गोल खडे कडक जमिनीवर पसरलेले असतात, ते पायाखाली छर्ऱ्यांसारखे गरगरतात. फेब्रुवारी-मार्चमध्ये काजूच्या बागांतून वाळक्या पानांचा थर साचतो, त्याखाली खड्डा आहे की मूळ ते कळत नाही. अशा ठिकाणी वेळेकडे बघू नका, सरळ चाला.

उतरताना नवखा माणूस घाबरून मागे रेलतो. सगळा भार टाचेवर जातो, टाच सरकते आणि तो बसकण मारतो. अंग उताराच्या दिशेने किंचित झुकलेलं हवं, गुडघे थोडे वाकलेले, हात पंखांसारखे बाजूला. पावलं लहान आणि भराभर टाकायची. मिनिटाला १७० ते १८० पडली तर प्रत्येक पावलावर भार थोडाच वेळ राहतो, एक पाऊल घसरलं तरी दुसरं सावरून घेतं. नजर बुटावर नको, तीन-चार मीटर पुढे हवी. वेग कमी करायचा तो घट्ट दगडावर किंवा मुळाशी, सुट्या खड्यांवर कधीही नाही. पुढच्या माणसापासून निदान पाच मीटर अंतर ठेवा, नाहीतर एक पडला की दुसरा त्याच्यावर.

उतार सुरू व्हायच्या आधी सगळ्यांनी एकदा थांबून लेस बांधायची. बुटाला अगदी वरती एक जास्तीचं भोक असतं, ते बहुतेक जण वापरतच नाहीत. लेस त्याच बाजूच्या त्या भोकातून आत घालून छोटी कडी सोडा, दुसऱ्या बाजूलाही तसंच करा, मग डावी लेस उजव्या कडीतून आणि उजवी डाव्या कडीतून काढून खालच्या दिशेने ओढा आणि गाठ मारा. टाच जागेवर बसते, बोटं पुढे आपटत नाहीत आणि अंगठ्याची नखं काळी पडत नाहीत.

अंतराचा हिशेब रस्त्यासारखा करू नका. १०० मीटर चढ म्हणजे सपाटीवर साधारण ८०० मीटर जास्त धावल्यासारखं. १० किलोमीटर आणि ३०० मीटर चढ असला तर श्रम जवळपास साडेबारा किलोमीटरचे, आणि थांबे धरून दोन तास. जानेवारीत सूर्य सातच्या सुमारास उगवतो, म्हणून पावणेसातला निघालं की दिसतंही आणि ऊन चढायच्या आत परतताही येतं.

आपल्याकडे हवा दमट असल्याने घाम गळतो, वाळत नाही, त्यामुळे अंग थंड होत नाही. तासाला अर्धा लीटर पाणी जवळ असावं आणि तहानेप्रमाणे प्यावं. नुसतं साधं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं मीठ पातळ होऊन डोकं दुखतं, मळमळतं. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लीटरमध्येच घालायचं. अर्ध्या लीटरच्या बाटलीत ओतलं तर ते तहान वाढवतं.

गटाचं म्हणाल तर दर वीस जणांसाठी पुढे एक वाट माहीत असलेला आणि शेवटी एक स्वीपर, म्हणजे सगळ्यांच्या मागे राहणारा. प्रत्येक फाट्यावर पुढच्याने थांबायचं, स्वीपर दिसेपर्यंत. आणि शेवटचा माणूस पोचल्यावरही दोन मिनिटं थांबायचं. ही दोन मिनिटं बहुतेक गट विसरतात. मागचा पोचला रे पोचला की पुढचे निघतात, म्हणजे ज्याला विसावा सगळ्यात जास्त हवा त्यालाच तो मिळत नाही. मग तो दमलेल्या पायांनी उताराला लागतो. खुणेसाठी कापडाच्या पट्ट्या बांधा आणि येताना स्वीपरने त्या सोडवून परत आणायच्या.

म्हादई आणि नेत्रावळी ही १९९९ पासून अभयारण्यं आहेत, तिथे वन खात्याच्या परवानगीशिवाय जायचं नाही. कुळागरातून जायचं तर मालकाला आदल्या दिवशी विचारा, गडग्यावरून, म्हणजे दगडी कुंपणावरून, उड्या नकोत. देवराईतून धावायचं नाही, वळसा घाला. व्हाळाचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी गुडघ्याच्या वर गेलं किंवा लालसर होऊन चढू लागलं तर आल्या वाटेने परत.

जळू लागली तर मीठ किंवा तंबाखू चोळू नका, नखाने बाजूने सरकवून काढा. रक्त काही वेळ वाहतं, कारण तिच्या लाळेत रक्त गोठू न देणारा अंश असतो. सड्यावर दगडाआड फुरसं असू शकतं, तेव्हा न बघता हात टेकू नका. चावलंच तर जखम कापू नका, दोरी आवळू नका, चावलेला हात किंवा पाय हलू न देता १०८ ला फोन करा. घोट्याच्या हाडावर दाबल्यावर दुखत असेल किंवा चार पावलंही टाकता येत नसतील तर एक्स-रे हवाच. एरवी दहा सेंटीमीटर रुंद क्रेप बँडेज इंग्रजी आठच्या आकारात गुंडाळून त्या माणसाला हळूहळू खाली आणता येतं.

खाली आल्यावर उकड्या तांदळाची पेज आणि तोरांचं, म्हणजे कोवळ्या कैऱ्यांचं, लोणचं. पाणी, मीठ आणि पिष्ट एकाच वाडग्यात. पेज निवते तोवर बुटांचे इनसोल काढून आत वर्तमानपत्र कोंबा. दोन तासांनी कागद बदला, आणि बूट उन्हात नाही, पंख्याखाली ठेवा. कडक उन्हात सोलचा गोंद सुटतो.