‘ही सगळी वेलबुट्टी, चला पुढं!’

कोल्हापुरातला पहिला दिवस अंबाबाईच्या रांगेत आणि तांबड्या-पांढऱ्या रश्शात गेला. रांगेबद्दल न बोललेलंच बरं. दुसऱ्या दिवशी वहिनींना घेऊन खिद्रापूर गाठलं. कुरुंदवाड सोडल्यावर उसाच्या ट्रॉल्यांमागून जाताना पोटातलं पाणीच काय, सकाळच्या मिसळीचा कटसुद्धा हलला.

कोपेश्वराच्या देवळात शिरताना आधी लागतो तो स्वर्गमंडप. एकूण ४८ खांब, त्यातल्या मधल्या १२ खांबांवर गोल उघडं छत आणि बरोबर त्याखाली गोल शिळा. कार्तिक पौर्णिमेला चंद्र त्या झरोक्यावर येतो म्हणून हल्ली जत्रा भरते म्हणे. आम्ही गेलो ती साधी तिथी होती, तरी शिळेवर उताणं झोपून आभाळाचा रील काढायला नंबर लागले होते. एक आटोपला की दुसरा आडवा. देवळात येऊन लोक फक्त भोक बघतात, हे माझं मत मी तिथंच मोठ्यानं सांगितलं. कुणी ऐकलं नाही.

शेजारी एका सहलीचे गाईड होते. कोपलेल्या महादेवाची समजूत काढायला विष्णू आले, म्हणून गाभाऱ्यात दोन लिंगं. नंदी इथं नाही, तो पलीकडे येडूरला. ही कथा त्यांनी छान रंगवून सांगितली. दक्षिण दाराजवळचा यादव सिंघणाचा शके ११३६ चा शिलालेखही दाखवला. मग आतल्या दाराच्या कोरीव चौकटीकडे नुसता हात केला, “ही सगळी वेलबुट्टी, चला पुढं!” आणि अख्खी सहल पुढं गेली. चौकटीपाशी पाच सेकंदसुद्धा कुणी थांबलं नाही.

वहिनी मात्र थबकल्या. त्या कोल्हापूरच्याच, घरी ब्लाऊजवर आरीकाम करतात.

“भाऊजी, ह्यात बुट्टी कुठाय ओ?”

“म्हणजे?”

“वेल काठानं पळती. बुट्टी अंगभर सुटी-सुटी पडती. ही नुसती वेल हाय. वळशाची.”

पैठणीच्या पदरापासून पितळी डब्यापर्यंत दिसेल त्या नक्षीला मी जन्मभर वेलबुट्टीच म्हणत आलोय, त्यामुळे गप्प बसलो. मग त्यांनी बोट दगडापासून वीतभर लांब धरून मला ती वेल वाचून दाखवली. पायथ्याशी एक देठ निघतो. डावीकडे वळतो, आत-आत गुंडाळत जातो आणि पोटात एक पान ठेवून थांबतो. थांबतो तो त्याचा शेंडा; त्याच्या पाठीतून नवा कोंब फुटतो, तो उजवीकडे वळून तसाच गुंडाळतो. पुन्हा डावीकडे, पुन्हा उजवीकडे, अशी ती वर चढते. जिथं कोंब फुटतो तिथं एक मुडपलेलं पान बसवलंय.

“जोड झाकायला,” वहिनी म्हणाल्या. “आम्ही पण तिथंच टिकली लावतो. वळशाचं काम सोपं असतंय, जोड लपवणं अवघड.”

दाराच्या चौकटीवर अशा पट्ट्या शेजारी शेजारी असतात; त्यांना शाखा म्हणतात, आणि पानावेलीची पट्टी ती पत्रशाखा. ते मी पुस्तकात वाचलं होतं. पण बाराव्या शतकातल्या शिलाहार राजांच्या कारागिरानं बेसॉल्टसारख्या टणक दगडात वेलीची मागची जमीन खोल खणून ठेवलीय, ते बघितलं नव्हतं. वळसा दिसतो तो त्या खणलेल्या अंधारामुळे. मोबाईलचा फ्लॅश मारला की सावली मरते आणि वेल सपाट होते. माझे पहिले सगळे फोटो भिंतीवर चिकटवलेल्या वॉलपेपरसारखे आलेत. फ्लॅश बंद करा आणि उजेड बाजूनं येतो अशी जागा धरा. अर्थात तिथं बराच वेळ उभं राहिलात तर मागून “ओ, जरा सरका की, फोटो घ्यायचाय” हे ऐकायची तयारी ठेवा. मी दोनदा सरकलो, तिसऱ्यांदा नाही.

वहिनींनी त्या वेलीचा फोटो तिथूनच एका गिऱ्हाइकाला पाठवला. तिचं “बाहीला नको, गळ्याला घ्या” असं उत्तर येईपर्यंत आम्ही नरसोबाच्या वाडीला पोचलो होतो, आणि दुकानातली कवठाची बर्फी संपली होती.